आठ हजार नऊशे बाहत्तर

तोर्शाव्न. रात्रीचे दोन वाजून गेलेत.
इस्पितळाच्या तळघरात चार कपाटं घुमतायत
एकाच सुरात, म्हणजे जवळजवळ:
तिसऱ्याचा पंखा किंचित खालच्या पट्टीत.
हेर्गाइर म्हणतो, "तो तसाच आहे, पहिल्यापासून."

या चौघांत मिळून ठेवलीयत
अठरा बेटांची हाडं, फुप्फुसं,
मेंढ्यांमागे कड्यावरून घसरलेले घोटे,
न जन्मलेल्यांच्या करड्या, हलत्या सावल्या.
कुणाचा कुठला तुकडा कुठल्या तबकडीवर
हे आम्हालाही विचारू नका.
एक कपाट बसलं तर उरलेली तीन सावरून घेतात.

माझं काम पत्त्यांचं.
पत्त्याला अंग नसतं.
तो एका पोर्टवर मुक्कामाला असतो
आणि पोर्ट मेलं की बिऱ्हाड उचलून
शेजारच्या कपाटात जातो;
बाहेरून हाक मारणाऱ्याला ओ येते
ती त्याच नावाने.
प्रत्येक पत्त्यापुढे एक रकाना असतो: मूळ घर.
आणि एक प्रश्न: आपोआप परतायचं का?
हेर्गाइरने सगळीकडे 'नाही' लिहून ठेवलंय.
"वादळातून आलेल्याला लगेच परत ढकलू नये.
आधी बघावं, घर उभं आहे का."

आजचा घोळ वेगळाच.
दक्षिणेच्या बेटावरून डॉक्टर तूरीचा फोन:
"नाव येतं. वय येतं.
'डाव्या कुशीत दुखतं' हेही येतं.
चित्र येत नाही."
वाऱ्याने हेलिकॉप्टर जमिनीवर बसवलंय,
बोट सकाळी सातला.
तिच्या मागे कुणीतरी कण्हतं,
ते मात्र स्पष्ट ऐकू येतं.

मी कपाटाकडून चित्रांच्या सर्व्हरकडे पिंग टाकते,
छोटासा, चौसष्ट बाइटचा.
परत येतो, गुणी पोरासारखा.
पुन्हा टाकते. पुन्हा येतो.
दिवे हिरवे. नेटमास्क बरोबर, गेटवे बरोबर,
सगळं ठीक आहे असं जो तो सांगतोय.

मग मोठा टाकते: आठ हजार नऊशे बाहत्तर,
'तोडू नये' असा शिक्का मारून.

काही नाही.
नकारसुद्धा नाही.
जणू मी बोललेच नव्हते.

"दोन्ही टोकांना नऊ हजार लिहिलंय," मी म्हणते.
"टोकांना काय विचारतेस, मधल्याला विचार."

मधला म्हणजे जिन्याखालचा स्विच,
गुरुवारीच बदललेला, कोरा करकरीत,
कारखान्यातून आला तसा:
दीड हजाराच्या वरचं काही
मुकाट खाली टाकून देणारा.
हेर्गाइर दोन बोटांनी टाइप करतो,
एक एक आकडा, डोळ्यांनी मोजून.
पोर्ट क्षणभर पडतं.
दोन पत्ते तिसऱ्या कपाटात पळतात, त्या बेसूर पंख्यापाशी,
आणि तिथून कामाला लागतात.

आठ हजार नऊशे बाहत्तर.
आला. अख्खा.

तूरी म्हणते, "आलं."
मग नुसता तिचा श्वास.
मग ती फोन ठेवते.
त्या चित्रात काय होतं ते आम्हाला कळणार नाही;
कळायचंही नसतं.

"पत्ते घरी पाठवू?"
"राहू दे. उजाडल्यावर बघू."

हा माणूस पुढच्या महिन्यात निवृत्त होतोय.
सहा वर्षं आम्ही बोलत आलोय
कॉफी, वारा, बोटीची वेळ,
आणि 'बरंय ना?', 'बरंय.'
हिवाळ्यात त्याची बायको गेली
तेव्हाही मी तेवढंच विचारलं होतं.

तो कीबोर्ड बाजूला सारतो.
खोलीत चार कपाटांची घरघर.
"मार्यूनचे बूट," तो म्हणतो, "अजून दारातच आहेत.
रोज ओलांडून जातो.
काल ते पुसले.
कशासाठी पुसले, सांगता येत नाही मला."

मी घाईने मधे काही बोलले नाही.
पूर्ण येऊ दिलं.